अकरा हाका

“ती कुठे जातेय गो? घरीच तर असते.”

ओट्यावरून आत्याचा आवाज आला. समोर मासळीची पाटी उतरवून बसलेल्या कोळीण मावशीने विचारलं, “मंग ती टकटक कसली चाललीय आतमदी?”

“तिची नोकरी आहे ती. हपिसातलं मशीन घरी आणलंय. आता इथूनच करते.”

“नोकरी काय बकरी हाय, घरी आनून बांदायला?”

दोघी खूप हसल्या. आत खाटेवर पडलेली आईसुद्धा हसली आणि हसताना पायात कळ गेली म्हणून कण्हली. मी त्याच खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी होते. टाइपरायटरमध्ये कारखान्याच्या मालाचं एक टेस्ट सर्टिफिकेट लावलेलं होतं, मागे दोन कार्बन. तिसऱ्या ओळीत आम्लाचं प्रमाण होतं. दशांश चिन्हापर्यंत मी पोचले होते.

“मडम,” आत्याने हाक मारली. मी इंग्रजी शाळेत गेले तेव्हापासून तिने मला हेच नाव ठेवलं होतं. “रिकामी असलीस तर पातेलं दे बाहेर. बोंबील घेतेय.”

मी पातेलं नेऊन दिलं. परत येऊन बसले आणि पाचाच्या जागी सहा पडला. सर्टिफिकेटवर खाडाखोड चालत नसे. कागद काढला, दुसरा चढवला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

आमचं घर तारापूर गावात. मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान रासायनिक कारखान्यात टायपिस्ट होते. ऑफिस म्हणजे एकच खोली आणि चार टेबलं. पालघरहून रोज गाडीने येणारे वयस्कर हेडक्लार्क, एक हिशेबनीस, एक शिपाई आणि मी. तिथे मला बरं वाटायचं, कारण तिथे माझ्याकडून कुणी बोलण्याची अपेक्षा करत नव्हतं. कागद यायचे, मी ते टाइप करून द्यायचे. नऊ वाजता बसमधून उतरले की संध्याकाळपर्यंत मी कुणाची मुलगी नव्हते, भाची नव्हते.

मग आई पडली. त्या दिवशी बाबा मुंबईला गेले होते, आत्या वाणगावला लेकीकडे होती आणि मी ऑफिसात. न्हाणीत पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. सकाळी दहापासून दुपारी दोन वाजून गेले तरी ती तिथेच ओल्या फरशीवर पडून हाका मारत होती. आमच्या मागच्या गल्लीत त्या वेळी चिटपाखरू नसतं. शेवटी उरलेली मासळी घेऊन मागच्या वाटेने घरी निघालेल्या मावशीने ऐकलं. डॉक्टरांनी पायाला वजन बांधलं आणि तीन महिने खाटेवरून हलायचं नाही म्हणून सांगितलं.

मी नोकरी सोडायला ऑफिसात गेले. हेडक्लार्कच्या टेबलासमोर किती वेळ नुसतीच उभी होते. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “बोल की गं. मी काय खातोय का तुला?”

मी सांगितलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत बसले. मग कारखान्यात मालकांकडे जाऊन आले. “सोडू नको. मशीन घरी ने. आठवड्यातून दोनदा जीप येईल, कागद देईल आणि घेईल. तीन महिने बघू म्हणालेत साहेब. काम इथल्यासारखंच झालं पाहिजे. नाही झालं तर सालवडची एक मुलगी दोनदा अर्ज देऊन गेलीय.”

त्या सालवडच्या मुलीला मी कधी पाहिलं नाही. पण तीन महिने ती माझ्या टेबलाच्या पलीकडे उभीच होती असं मला वाटायचं.

पहिल्या दिवशी मी सकाळी आंघोळ करून, वेणी घालून, ऑफिसला नेसायचे ती निळी साडी नेसले. पायात चपला घातल्या. नऊ वाजता खुर्चीवर बसले. मला वाटलं, असं केलं की ऑफिस सुरू होईल. आत्या स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “काय गो, कोण बघायला येणारेय आज?”

“कोणी नाही.”

“मग घरात चपला कशाला?”

चपला मी काढल्या. साडी आणखी चार दिवस नेसले. पाचव्या दिवशी आईचं भांडं काढताना पदर भिजला, तेव्हापासून घरातलीच साडी.

घरी बसून काम करणारी मी आमच्या घरात पहिली नव्हते, हे सांगायला हवं. बाबांनी तीस वर्षं घरातच काम केलं. ते दागिन्यांचे डाय करायचे. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने उलटी नक्षी कोरायची, मग मुंबईचे सोनार त्यात सोन्याचा पत्रा ठोकून बांगडीवरची वेल नाहीतर मंगळसूत्राची वाटी काढायचे. आमच्या चिंचणी-तारापूर भागात ही कामं घरोघर चालतात. पुढच्या पडवीत बाबांची बसायची जागा होती. त्या जागेचा एक नियम आम्हाला चालायला लागल्यापासून माहीत होता. छिन्नी पोलादावर टेकलेली असताना हाक मारायची नाही. घरात काहीही होवो, दारात येऊन उभं राहायचं. बाबा छिन्नी उचलत, फुंकर मारून कीस उडवत आणि मान वर करत. तेव्हा बोलायचं. एक ठोका चुकला तर आठ दिवसांचं काम फुकट जातं, हे आम्हाला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. ते नुसतं माहीत होतं. माझे आजोबा वारल्याची तार आली तेव्हा पोस्टमनसुद्धा त्या दारात उभा राहिला होता म्हणे, छिन्नी वर येईपर्यंत.

माझाही एक ठोका चुकला की पान फुकट जायचं. पण माझ्या दारात कुणी थांबत नव्हतं. मुळात मला दारच नव्हतं. आईजवळ राहायचं म्हणून तर मशीन घरी आणलेलं.

आणि बाबाही, छिन्नी खाली ठेवली की पडवीतून ओरडायचे, “चहा टाक गं!”

आईच्या हाका मात्र वेगळ्या होत्या. “पाणी दे गं.” “पाय जरा सरळ कर.” “कूस बदलायचीय.” त्या खऱ्या होत्या. पण मध्येच, काही नको असताना, ती नुसतंच म्हणायची, “आहेस का गं?”

मी तिच्यापासून पाच हातांवर. मशीन वाजतंय. “आहे.”

थोड्या वेळाने पुन्हा. “आहेस का गं?”

“आहे, आई.”

मला चीड यायची. ती मी कधी तोंडावर दाखवली नाही, हे माझ्या बाजूने सांगते. पण तोंडावर न दाखवणं यातही फार मोठेपणा नव्हता. मला बोलताच येत नव्हतं. काही सांगायचं असलं की ते आधी माझ्या डोक्यात इंग्रजीत तयार व्हायचं. तिथे ते सरळ आणि स्वच्छ असायचं. मग त्याचं मराठी करायला गेलं की ते उद्धट वाटायचं. सवयीने मी ते तिथेच सोडून द्यायचे.

दोन-तीन आठवड्यांत माझ्या एक लक्षात आलं. मशीन वाजत असेपर्यंत लोक थोडंफार दबून असत. शेजारची वहिनी आईची चौकशी करायला यायची, ती आवाज ऐकला की हळू बोलायची. आत्याही हाक मारायच्या आधी एक श्वास घ्यायची. पण आवाज थांबला की काम संपलं, असं सगळ्यांना वाटायचं. आणि माझं सगळ्यात नाजूक काम नेमकं बिनआवाजाचं होतं. टाइप केलेलं पान मूळ कागदाशी पडताळून बघायचं. एकेक आकडा बोट ठेवून. तेव्हा मी खिडकीशी गप्प बसलेली दिसायचे आणि मग वहिनी तिच्या नवऱ्याची बदली थांबवायचा अर्ज घेऊन यायची. “तू बसलीच आहेस म्हणून आले.” आत्या शेवग्याच्या शेंगा सोलायला माझ्यासमोर ठेवायची. एकदा सर्टिफिकेटवर शेंगांचा हिरवा डाग पडला.

म्हणून मी खोटं टाइप करायला लागले.

टेबलावर मधोमध खरे कागद. मशीनमध्ये एक वाया गेलेला कागद चढवलेला. डोळे खऱ्या पानावर आणि एका हाताची बोटं मशीनवर. सुरुवातीला टायपिंगच्या क्लासात गिरवलेली अक्षरंच बडवायचे. काही अर्थ नसलेली. त्या आवाजाच्या आड बसून मी निवांत आकडे तपासत असे. युक्ती चालली. वहिनी दारातूनच परत गेली, “कामात आहे वाटतं.” खरं तर तेव्हाच मी टाइप करत नव्हते. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

पुढे तपासणं संपलं तरी बोटं थांबेनात. अक्षरांचे शब्द झाले, शब्दांची वाक्यं. घरात इंग्रजी वाचणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. खुद्द त्यांच्यासमोर, दिवसाढवळ्या, त्यांच्याबद्दल लिहिता येत होतं. आत्याला वाटतं मी पगार घेऊन खेळते. बाबा स्वतःच्या छिन्नीला जपतात आणि माझ्या बोटांना चहा सांगतात. वहिनीच्या नवऱ्याची बदली होऊ नये, कारण मग ती मागे एकटी राहील आणि रोज रडायला इथे येईल. असं काय काय. लिहून झालं की तो कागद टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात उपडा ठेवायचा आणि संध्याकाळी चुलीत टाकायचा. उजव्या कोपऱ्यात ऑफिसचे कागद. डावं माझं, उजवं ऑफिसचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय?

तिसरा महिना लागला होता. त्या दिवशी आईचं अंग कसकसत होतं आणि ती सकाळपासून अस्वस्थ होती. मी डावा कागद चढवला आणि लिहिलं: आज आईने साडेअकरापर्यंत अकरा वेळा हाक मारली. चार वेळा काम होतं. सात वेळा काहीच नव्हतं. मी बसले आहे हे तिला दिसतं, तरी ती विचारते. मला वाटतं तिचा पाय बरा होऊ नये असं तिलाच वाटतं. कधीकधी मला वाटतं, ती पडली त्या दिवशी मी ऑफिसात होते तेच बरं होतं.

शेवटचं वाक्य मी कागदावर पुन्हा वाचलं. ते माझ्या मनात आहे हे मला लिहीपर्यंत माहीत नव्हतं. कागद काढून उपडा ठेवला.

तेवढ्यात आईला उलटी झाली. मी धावले. तिचं डोकं धरून बसले असताना बाहेर जीपचा हॉर्न वाजला. तो ठरलेला दिवस नव्हता. ड्रायव्हर ओरडला, “ताई, जल्दी! साहेबांना आजच पाठवायचेत पेपर.”

“देते रे देते,” आत्या म्हणाली. माझे दोन्ही हात घाणीत. आत्याने टेबलावरचे सगळे कागद, डावे आणि उजवे, दोन्ही हातांनी गोळा केले, टोकं नीट जुळवली, आणि मोठ्या लिफाफ्यात घालून जीपमध्ये दिले. मला मदत म्हणून.

मी टेबलाशी आले तेव्हा ते पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं.

“सगळे दिले?”

“एकूण एक,” आत्या म्हणाली.

आत्यावर मी रागावले नाही. कशाच्या जोरावर रागावणार? डावं-उजवं तिला मी कधी सांगितलंच नव्हतं.

पुढचे तीन दिवस मी हातून काही सुटू नये अशी वागले. आईने “आहेस का गं” म्हटलं की आधीपेक्षा लवकर “आहे” म्हणायचे. गावात फोन पोस्टातच होता. तिथपर्यंत दोनदा गेले आणि परत आले. फोनवर काय म्हणणार होते? त्यातलं एक पान वाचू नका? जीपच्या दिवशी जीप आली नाही. मला वाटलं, सालवडची मुलगी बसली टेबलावर.

चौथ्या दिवशी सकाळी जीप आली आणि तिच्यातून हेडक्लार्क उतरले. स्वतः. आमच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. पडवीत बाबा कामाला बसले होते. हेडक्लार्कना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण ते बाबांची छिन्नी बघून पायरीवरच थांबले. बाबांनी कीस फुंकला, मान वर केली, तेव्हा नमस्कार करून आत आले. आईच्या खाटेजवळ खुर्चीवर बसले. आत्याने पाणी आणलं.

“कसं वाटतंय आता?” त्यांनी आईला विचारलं.

“आहे आपलं. ही आहे म्हणून चाललंय.”

त्यांनी पिशवीतून लिफाफा काढला आणि माझ्या हातात दिला. “यातलं एक पान आमचं नाही.”

मी लिफाफा उघडला नाही.

“साहेबांच्या हाती गेलं ते,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “सर्टिफिकेटात चूक नव्हती, तेही त्यांनी बघितलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, मुलीला घरी काम करणं जमत नसेल तर तिला अडकवू नका, मोकळं करा. मी म्हटलं, विचारून येतो. आज मला उत्तर न्यायचंय. जमतंय का?”

“न जमायला काय झालं?” आत्या मध्येच म्हणाली. “दिवसभर घरीच तर असते. उन्हात जायला नको, बसचे धक्के नकोत. नशीब लागतं.”

“तिला विचारलं मी,” हेडक्लार्क म्हणाले.

आत्या पदर सारखा करत मागे सरकली. ती दुखावली हे मला दिसलं. मलाच उत्तर द्यायचं होतं तेव्हा नेमकं ते दिसायला नको होतं, असंही वाटलं.

आई माझ्या हातातल्या लिफाफ्याकडे बघत होती. “काय लिहिलंयस गं त्यात?”

आईने हेडक्लार्ककडे बघितलं. ते पाण्याच्या तांब्याकडे बघत होते.

“वाईट आहे का काही?”

“तिलाच विचारा,” ते म्हणाले.

मी पान काढलं. खोटं सांगणं अगदी सोपं होतं. इंग्रजी येणारं दुसरं माणूस तिथे एकच होतं आणि ते बोलणार नव्हतं. मी म्हणू शकले असते, काही नाही, क्लासातला जुना सराव आहे. मग हेडक्लार्कना सांगायचं, जमत नाही. मशीन जीपमध्ये ठेवायचं. संध्याकाळपर्यंत सगळं पूर्वीसारखं, फक्त टेबल रिकामं.

मी ओळी पुन्हा वाचल्या. अकरा. चार. सात. आणि त्या वेळी, सगळे माझ्याकडे बघत असताना, मला ती न्हाणी दिसली. सकाळी दहा ते दुपारी दोन. मी त्या सात हाका मोजल्या होत्या, पण त्या दिवशी तिने किती मारल्या असतील ते कधी मनात आणलं नव्हतं. तेव्हा कुणी “आहे” म्हटलं नव्हतं. आता ती रोज सात वेळा ते ऐकून घेत होती. मी ‘काहीच नव्हतं’ असं जे लिहिलं होतं, ते हे होतं.

पण त्या हाकांमध्ये आकडे टाइप होत नव्हते, हेही खरं होतं. दोन्ही खरं होतं. आणि डोक्यात या वेळी इंग्रजी वाक्य तयार होऊन आलं नाही. काहीच तयार नव्हतं.

पडवीतली ठकठक थांबली होती. बाबा दारात येऊन उभे होते. हातात छिन्नी नव्हती. आम्ही लहानपणी त्यांच्या दारात उभे राहायचो तसे नुसते उभे राहिले.

शेवटचं वाक्य मी आईला वाचून दाखवलं नाही. ते मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. पान घडी करून मुठीत धरलं, खाटेजवळ खाली बसले आणि आईला म्हटलं,

“आई, तुला उलटी झाली त्या दिवशी तू अकरा वेळा हाक मारलीस, असं लिहिलंय. चार वेळा काहीतरी हवं होतं. सात वेळा मी आहे का, एवढंच विचारलंस. नऊ ते एक मी काम करणार आहे, तेव्हा त्या सात मारू नकोस. मी उठून गेले तर तुला सांगूनच जाईन. उरलेल्या चार मार. त्यांना मी येते.”